जुना डेस्कटॉप, विंडोज आणि लिनक्स: दोन तलवारींना दोन म्यानं

प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा वर्षांपूर्वीचा, आधी कुठल्यातरी ऑफिसात राबलेला डेस्कटॉप घेतलाय. ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आत विंडोज १० आलेलं. विंडोज ११ या मशीनला नको म्हणतं. रोजचं काम लिनक्सवर न्यायचंय, पण हिशेबाचं एक सॉफ्टवेअर आणि एक जुना स्कॅनर यांच्यापुरतं विंडोजही राहायला हवं. तर त्या ५०० जीबीचे भाग कसे पाडायचे?

माझं उत्तर: शक्य असेल तर भाग पाडूच नका. लॅपटॉपवाल्यांपुढे दुसरा इलाज नसतो म्हणून ते एका डिस्कचे तुकडे करतात, आणि ड्युअल बूटबद्दल, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम ठेवण्याबद्दल, जे लिहिलं जातं ते बहुतेक लॅपटॉप डोळ्यांपुढे ठेवूनच. तुमच्याकडे डेस्कटॉप आहे. दोन स्क्रू काढले की कॅबिनेट उघडतं, आत जागा असते, बोर्डावर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायचा, एखादा तरी पोर्ट रिकामा असतो. एका म्यानात दोन तलवारी कोंबायचा हट्ट कशाला? एक छोटी साटा एसएसडी घ्या, १२० जीबीचीही चालेल, तिच्यावर लिनक्स टाका. आणि टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

केबलचा आग्रह मी हात पोळल्यावर धरायला लागलो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका मशीनमध्ये दोन डिस्क लावल्या, दुसरीवर लिनक्स टाकलं, दोन्ही छान चालू झाले. वर्षभराने विंडोजची डिस्क कुरकुर करायला लागली म्हणून ती काढून टाकली, तर लिनक्सही उठेना. सिस्टिम नव्या डिस्कवर होती, पण ती सुरू करून देणारा बूटलोडर जाऊन बसला होता जुन्या डिस्कवर. डिस्क दोन असून मी दोघांना एकाच खुंटीला टांगलं होतं.

हे होतं कसं, तेही बघा. बायोस म्हणजे मशीन सुरू करून देणारा बोर्डावरचा प्रोग्राम. त्याच्या जुन्या पद्धतीत, जिला लेगसी म्हणतात, मशीन डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतं. तो ५१२ बाइटचा असतो: ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याला, शेवटचे २ बाइट खुणेला. दोन डिस्क जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर बहुधा पहिल्या डिस्कचा हा सेक्टर गृहीत धरतो, आणि आपण घाईत ‘नेक्स्ट’ दाबतो. यूईएफआय या नव्या पद्धतीत बूटच्या फाइल्स एका छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये राहतात. तिथे तर निवडूनही फसगत होते. उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांच्या इन्स्टॉलरची ही जुनी खोड: बूटलोडरसाठी दुसरी डिस्क दाखवली तरी फाइल्स पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन पडायच्या. विंडोजचा इन्स्टॉलरही काही वेगळा नाही. दुसऱ्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन आयतं दिसलं की तो तिथेच पथारी पसरतो. केबलच काढलेली असली की यातलं काहीच घडू शकत नाही. आणखी एक फायदा म्हणजे, इन्स्टॉलरमधला एरवी धडकी भरवणारा ‘पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय आता सगळ्यात सुरक्षित होतो. समोर एकच डिस्क आहे, तीही रिकामी. पुसू दे काय पुसायचं ते.

पण लिनक्सकडे वळण्याआधी मशीनची तब्येत बघून घ्या. दुसऱ्याने वापरलेल्या मशीनवर इन्स्टॉल फसलं की लोक लिनक्सला बोल लावतात, आणि खोट निघते हार्डवेअरमध्ये. सगळ्यात आधी जुन्या हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढा. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं साधन आहे, लिनक्सच्या लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवलेल्या लिनक्समध्ये) ‘डिस्क्स’ नावाचं. त्यात दोन आकडे पाहायचे: रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाले म्हणून बदलीवर टाकलेले, आणि करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता येईनात म्हणून टांगणीला लागलेले. दोन्ही शून्य हवेत. पहिला आकडा थोडा असून महिनोन्‌महिने स्थिर असेल तर एक वेळ चालवून घेता येईल, पण दुसरा वाढत असेल तर त्या डिस्कवर काहीही ठेवू नका, विंडोजसुद्धा नाही. तिथेच चालू तासांचा आकडाही असतो. वर्षाचे तास ८,७६०. ऑफिसातली मशिनं रात्रीही बंद करत नाहीत, त्यामुळे ३५,००० तास दिसले तर दचकू नका. चार वर्षं अखंड चालू, इतकाच त्याचा अर्थ.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. रात्रभर चालवलात तर उत्तम. एकही लाल ओळ आली तर रॅमच्या पट्ट्या काढून, संपर्काची टोकं पुसून, एकेक करून पुन्हा तपासा. पुष्कळदा पट्टी नीट बसलेली नसते एवढंच असतं. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, सरळ नवा टाका. इतक्या वर्षांत तो संपत आलेला असतो, आणि तो संपला की प्लग काढताच तारीख आणि बायोसची सगळी सेटिंगं पुसली जातात. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर शंका घेतो, लिनक्सची अपडेट अडतात, आणि माणूस तासभर नेटवर्क तपासत बसतो. सेल बदलण्याआधी मात्र बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विशेषतः साटा मोड आणि बूट मोड. का ते पुढे येईलच. बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड असेल तर तो विकणाऱ्याकडूनच काढून घ्या, आणि तेही पैसे देण्याआधी. काही ऑफिस मॉडेलमध्ये तो सेल काढूनही जात नाही.

आता आत आलेलं विंडोज. ते जसंच्या तसं वापरू नका. आधीच्या मालकाची खाती, ऑफिसने बसवलेली नियंत्रणं, विकणाऱ्याने घाईत टाकलेली कुठली कुठली सॉफ्टवेअर, आत काय काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने पेनड्राइव्ह बनवा आणि सगळी पार्टिशनं उडवून कोरं विंडोज टाका. परवान्याची काळजी नको: या मशीनवर विंडोज १० खऱ्या परवान्याने चालू झालेलं असेल तर त्याची डिजिटल नोंद मदरबोर्डशी जोडलेली असते, त्यामुळे कोऱ्या इन्स्टॉलनंतर इंटरनेट लागताच ते आपोआप सक्रिय होतं. आवृत्ती मात्र तीच निवडा. होमचा परवाना प्रोला चालत नाही. सक्रिय झालंच नाही तर विक्रेत्याला जाब विचारायला तुमच्याकडे कारण आहे.

हे करताना मोड कोणता, ते पक्कं करा: लेगसी की यूईएफआय. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक बोर्डांना दोन्ही येतात, पण ऑफिसातली पुष्कळ मशिनं विंडोज ७ च्या काळातल्या सवयीने लेगसीवरच ठेवलेली असतात. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बायोस मोड’ पुढे उत्तर असतं. नियम सोपा आहे. विंडोज लेगसीत फक्त एमबीआर डिस्कवरून उठतं आणि यूईएफआयमध्ये फक्त जीपीटी डिस्कवरून. (डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती: एमबीआर जुनी, जीपीटी नवी.) लिनक्स दोन्हीकडे जुळवून घेतं. कोरं इन्स्टॉल करतच आहात तर बोर्ड साथ देत असेल तिथे दोन्ही सिस्टिम यूईएफआयमध्ये टाका. गफलत होते ती पेनड्राइव्हपाशी. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. ज्या ओळीने तुम्ही पेनड्राइव्ह सुरू केला त्याच मोडमध्ये सिस्टिम बसते. एक सिस्टिम एका मोडमध्ये आणि दुसरी दुसऱ्यात बसली की दोन्ही चालतात, पण एकाच मेन्यूत येत नाहीत. लिनक्सच्या लाइव्ह सेशनमध्ये ‘/सिस/फर्मवेअर’ या फोल्डरमध्ये ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर दिसलं तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात, नाहीतर लेगसीत.

दुसरा सापळा साटा मोडचा. ऑफिसच्या डेस्कटॉपवर बायोसमध्ये तो पुष्कळदा ‘रेड’वर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायच्या मोडवर, ठेवलेला असतो, आत डिस्क एकच असली तरी. लिनक्सचा इन्स्टॉलर मग डिस्क दिसत नाही म्हणतो किंवा आरएसटी (इंटेलची हीच रेडची सोय) बंद करा असा निरोप देऊन थांबतो. मोड ‘एएचसीआय’, म्हणजे साधा, करायचा, पण विंडोज टाकायच्या आधी. विंडोज आधीच बसलेलं असताना नुसता मोड बदललात तर निळा पडदा येतो आणि बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो. तशी वेळ आलीच तर आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं (एमएसकॉन्फिगमधली ‘सेफ बूट’ची खूण), रीस्टार्ट करता करता बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं आणि मग खूण काढायची. सेफ मोडमध्ये विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतःच उचलतं.

एसएसडी बसवताना अडचण आली तर ती बहुधा जागेची नसते, वायरची असते. मोठ्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, साटा पॉवरची मोकळी टोकं लोंबत असतात. पण ऑफिसच्या चपट्या मॉडेलमध्ये पॉवर बोर्डातूनच येते आणि टोकं मोजकीच. तिथे डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याची जागा घ्या. फक्त त्या पातळ ड्राइव्हचं पॉवरचं टोक आखूड असतं, एसएसडीला थेट बसत नाही. त्यासाठी डीव्हीडी ड्राइव्हच्या आकाराचा कॅडी, म्हणजे सांगाडा, मिळतो. जागा नसेल तर एसएसडी दुतर्फी टेपने कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवली तरी काही बिघडत नाही, तिच्यात फिरणारं काही नसतंच. बोर्डावरचे साटा पोर्ट वेगवेगळ्या रंगांचे असतील तर वेगवान पोर्ट कोणता ते बोर्डाच्या माहितीत बघून एसएसडीला द्या. सगळेच जुने, ३ गिगाबिटचे असले तरी मन खट्टू करू नका. हार्ड डिस्कचा काटा विखुरलेल्या छोट्या फाइल्स शोधत धावतो त्यात वेळ जातो, आणि एसएसडी तो धावणंच संपवते. एनव्हीएमई या वेगळ्या, जास्त वेगवान जातीच्या एसएसडीच्या वाटेला मात्र जाऊ नका. कार्डावर बसवता येते, पण त्या काळातल्या बहुतेक बोर्डांना तिच्यावरून बूटच होता येत नाही.

एसएसडी एकच असेल तर ती कोणाला द्यायची? ज्यात तुम्ही दिवस काढणार त्याला. तुमच्या बाबतीत ते लिनक्स. विंडोज हार्ड डिस्कवर रखडत उठेल, पण महिन्यातून चारदा हिशेब करायला तेवढं पुरतं.

लिनक्स कोणतं, यावर लोक दिवसच्या दिवस भांडतात. मी दोन ओळींत संपवतो. पहिल्यांदा येणाऱ्याला आणि ८ जीबी रॅमला लिनक्स मिंट, त्यातलं सिनॅमन किंवा हलकं एक्सएफसीई रूप. रॅम ४ जीबी असती तर एक्सएफसीईच. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ३२ बिटचा विचार सोडा. तुमच्या मशीनचा प्रोसेसर ६४ बिटचाच आहे.

मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइलचा ठसा) साइटवरच्या बेरजेशी ताडून बघा. हा कंटाळवाणा भाग सगळे टाळतात आणि मग अर्धवट उतरलेल्या फाइलशी झुंजतात. पेनड्राइव्ह रुफस या साधनाने बनवा, आणि तो कॅबिनेटच्या मागच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टांच्या आतल्या वायरी वर्षानुवर्षं ओढाताण सोसून सैल झालेल्या असतात. एकदा इन्स्टॉल तीन वेळा मध्येच अडकलं, मी आयएसओला दोष देत दोनदा नवी उतरवली, आणि शेवटी पेनड्राइव्ह मागे लावताच दहा मिनिटांत काम झालं. मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, मग विंडोजच्या डिस्कची साटा केबल काढा. ज्यांना कॅबिनेट उघडायचा धीर नाही त्यांनी बायोसमध्ये पाहावं. काही बोर्डांवर प्रत्येक साटा पोर्ट वेगळा बंद करता येतो, काम तेच.

लाइव्ह सेशनमध्ये आल्यावर लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. आवाज येतो का, नेटवर्क लागतं का, झोपवलेलं मशीन परत जागं होतं का, आणि तुमचा स्कॅनर लावून पाहा. ‘सेन’ या लिनक्सच्या स्कॅनर-प्रणालीत जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर भरपूर आहेत. कित्येकदा विंडोजच्या नव्या आवृत्तीने टाकून दिलेला स्कॅनर लिनक्सवर निमूट चालतो. तसं झालं तर विंडोज ठेवायचं निम्मं कारण तिथेच संपलं. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या मेन्यूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. हे बहुतेक जुनी एनव्हीडिया कार्डं असलेल्यांच्या वाट्याला येतं. अशा कार्डांचे कंपनीचे ड्रायव्हर नव्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, मिळत नाहीत, तेव्हा नूव्हो हा खुला ड्रायव्हर वापरायचा किंवा कार्ड काढून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम भागवायचं. ऑफिसच्या कामाला दुसरा मार्ग बरा, विजेचीही बचत.

इन्स्टॉल झालं, लिनक्स एकटं नीट उठलं, की मशीन बंद करून विंडोजची केबल परत लावा. आता निवड दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार: मशीन सुरू होताना बूट मेन्यूची की दाबायची, एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप, बोर्डागणिक वेगळी, आणि डिस्क निवडायची. यात दोन्ही सिस्टिमना एकमेकींचा पत्ताच नसतो, मोड वेगवेगळे असले तरी चालतं. मी स्वतः हेच करतो. दुसरा प्रकार ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरच्या, मेन्यूत विंडोजची ओळ आणण्याचा. बायोसमध्ये लिनक्सची डिस्क पहिली ठेवायची आणि टर्मिनलमध्ये ग्रब अपडेट करायचा. पण २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळात बंद ठेवतात. विंडोजची ओळ आली नाही तर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करून पुन्हा अपडेट करा. यात विंडोजच्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही.

आता विंडोजची एक खोड, जिने आजवर कित्येकांच्या फाइली खाल्ल्यात: फास्ट स्टार्टअप. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. वापरणाऱ्याचं सत्र मिटवतं, पण कर्नल आणि ड्रायव्हर डिस्कवर गोठवून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. या अवस्थेत विंडोजच्या लेखी त्याची पार्टिशनं अजून उघडीच असतात. तुम्ही लिनक्समध्ये जाऊन तिथे एखादी फाइल ठेवता. मग विंडोज उठतं आणि आपल्या गोठवलेल्या आठवणीप्रमाणे लिहायला लागतं. दोघांचे हिशेब जुळत नाहीत आणि फाइल सिस्टिम बिघडते. लिनक्सचे ड्रायव्हर सावध असतात, असं पार्टिशन ते फक्त वाचायला देतात किंवा जोडायलाच नकार देतात. मग कोणीतरी नेटवरून ‘जबरदस्तीने जोडण्याची’ कमांड आणतो. तसं करू नका. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा, आणि हायबरनेशनही बंद करा. मोठ्या अपडेटनंतर खूण परत आली नाही ना, ते बघत चला. घाईच्या वेळी युक्ती: शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा आणि बूट मेन्यूत लिनक्स निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण मिटतं.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी हार्ड डिस्कवर विंडोजच्या सी-खेरीज एक वेगळं एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचं, पार्टिशन करा. एक्सएफएटी सुचवणारे भेटतील. पेनड्राइव्हला ते ठीक, पण त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं, वीज गेली की सावरायला काही आधार नाही. या पार्टिशनची दुरुस्ती करायची वेळ आली तर ती विंडोजच्याच चेकडिस्कने करायची. आणि फास्ट स्टार्टअपचा नियम यालाही तितकाच लागू.

घड्याळाचा घोळ पहिल्याच दिवशी दिसेल. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की वेळ काही तास इकडे-तिकडे. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं मानतं, लिनक्स जागतिक वेळ आहे असं मानतं. कोण बरोबर यात न शिरता एकाला दुसऱ्यासारखं वागायला लावायचं. सोपं लिनक्सला लावणं: ‘टाइमडेटसीटीएल’ची ‘सेट-लोकल-आरटीसी’ ही सूचना १ देऊन चालवा, झालं. कमांड थोडी कुरकुर करते, शुद्धतावादी नाक मुरडतात. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशात राहत असाल तर त्यांची बाजू खरी आहे, कारण तो बदल दोन्ही सिस्टिम आपापल्या परीने करतात. तिथे उलटं करा: विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही किंमत १ ठेवा.

दुसरी डिस्क घेणं शक्यच नसेल तर? तर मग तुकडे पाडू, पण क्रम सांभाळून. विंडोज आधी, लिनक्स नंतर. उलट केलंत तर लेगसी मोडमध्ये विंडोज पहिला सेक्टर पुसून ग्रब घालवतं. कामाच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवा, आणि त्यातली एखादी उघडून खात्री करा. विंडोजचं पार्टिशन आक्रसायचं ते विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’नेच. निम्मी डिस्क रिकामी असूनही ते थोडीच जागा मोकळी करू म्हणालं तर मध्ये पेज फाइल, हायबरनेशनची फाइल किंवा सिस्टिम रिस्टोअर अडून बसलंय. तिन्ही तात्पुरती बंद करून रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा मान्य होतं. मोकळी झालेली जागा तशीच रिकामी सोडा, विंडोजमधून तिथे नवं पार्टिशन करू नका.

यामागे कारण आहे. एमबीआर डिस्कवर मुख्य पार्टिशनं फक्त चार मावतात, कारण तक्त्यात १६ बाइटच्या चारच नोंदींची जागा आहे. ऑफिसच्या मशीनवर सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, रिकव्हरी आणि बनवणाऱ्या कंपनीचं एखादं, असे चारही मोहरे बसलेले असू शकतात. अशा वेळी आणखी एक करायला गेलात तर विंडोज गोड आवाजात डिस्क ‘डायनॅमिक’ करू का म्हणून विचारतं. तिथे हो म्हटलंत की पुढचा सगळा बेत फिसकटला. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती डिस्क धड हाताळता येत नाही आणि विंडोजमधून परत साधी करायची तर सगळं पुसावं लागतं. चारपैकी एक काढा, त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन घ्या आणि त्याच्या पोटात लिनक्स बसवा. लिनक्सला तिथून उठायला काही अडचण नसते. बोर्डाला यूईएफआय येत असेल तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर२जीपीटी हे साधनही आहे. ते काही न पुसता डिस्क जीपीटी करतं, मात्र मुख्य पार्टिशनं तीनपेक्षा जास्त चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही. नंतर बायोसमध्ये मोड बदलायला विसरू नका. जीपीटीवर १२८ पार्टिशनं मावतात, म्हणजे हा प्रश्नच मिटतो.

अशा डिस्कवर लिनक्सला ४० जीबीपेक्षा कमी देऊ नका, घरच्या फाइली तिथेच ठेवणार असाल तर १००. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन करत बसू नका, स्वॅप फाइल पुरते. इन्स्टॉलरमध्ये ‘विंडोजच्या शेजारी’ किंवा ‘आणखी काही’ यांपैकी दुसरा पर्याय घ्या आणि स्वतःच्या हाताने रिकाम्या जागेवर बोट ठेवा. डिस्कचा आकार आणि पार्टिशनची नावं कागदावर लिहून समोर ठेवली असली की बोट चुकत नाही.

विंडोज १० बद्दल एक बोलायचं राहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला. वैयक्तिक वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. वळसे घालून ते जुन्या मशीनवर चढवता येतं, पण पुढची अपडेट मिळतील याची हमी कोणी देत नाही. तुमचा वापर पाहता मी विंडोज १० च ठेवीन आणि ते सक्रिय होऊन शेवटचं अपडेट घेतलं की त्याचं इंटरनेट बंद करीन. हिशेबाला आणि स्कॅनरला नेट लागत नाही. बँक, ईमेल, ब्राउझर सगळं लिनक्समध्ये. अपडेट घेत राहणार असाल आणि सिक्युअर बूट (मान्य बूटलोडरच चालू देणारी सोय) चालू असेल तर ऑगस्ट २०२४ ची गोष्ट ध्यानात असू द्या: विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर काळ्या यादीत टाकले आणि अनेक ड्युअल बूट मशीनवर ‘शिम’च्या (लिनक्सच्या पहिल्या बूटलोडरच्या) पडताळणीची चूक येऊन लिनक्स उठेना. सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये जायचं, तिथली अपडेट घ्यायची, आणि परत चालू करायचं, असा तो मार्ग होता. फक्त विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर असे बदल करण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर विंडोज दार लावून बसेल.

कधी लिनक्स नकोसं झालं तर एका डिस्कवाल्यांनी थेट त्याचं पार्टिशन उडवू नये. बूटलोडर तिथून आपले भाग वाचत असतो, ते सापडले नाहीत की ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच लिहिलेला काळा पडदा उरतो. आधी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून, लेगसी असेल तर ‘बूटरेक’च्या ‘फिक्सएमबीआर’ सूचनेने, पहिला सेक्टर विंडोजच्या ताब्यात द्यावा, यूईएफआय असेल तर बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आणावा, विंडोज एकदा स्वतःहून उठलेलं पाहावं आणि मगच पार्टिशन काढावं. दोन डिस्कवाल्यांनी केबल काढावी.